घरबसल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शन: फी भरण्याआधी कान तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांचे निकाल लागले की जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बसस्थानकाच्या भिंतींवर, टायपिंग क्लासच्या दारांवर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत एक मजकूर हमखास दिसतो: घरबसल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिका, नोकरीची हमी. चोपडा, शहादा, साक्रीकडच्या मुली आणि लहान मुले असलेल्या गृहिणी ती वाचून चौकशीला जातात. घर सोडता येत नाही आणि चार पैसे तर हवे असतात. त्यांनी फी भरण्याआधी हे पत्र वाचावे, एवढ्यासाठी ते सविस्तर लिहीत आहोत.

काम खरे आहे, यात शंका नको. अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासतो, शस्त्रक्रिया करतो आणि काय पाहिले, काय केले ते रेकॉर्ड करून ठेवतो. ते ऐकून त्याचा रिपोर्ट करायचा. पण जाहिरातीत दाखवतात ते हेडफोन लावून भराभर टाइप करणे आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे. आज बहुतेक ठिकाणी बोलण्याचा कच्चा मजकूर आधी यंत्रच करते. माणसाने तो ऐकत ऐकत दुरुस्त करायचा असतो. याला एडिटिंग म्हणतात. त्यामुळे बोटांचा वेग मागे पडला आणि कान, इंग्रजी व वैद्यकाची समज पुढे आली. टायपिंग क्लासला जोडून तीन महिन्यांत हे शिकवू, असे सांगणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असते, तरी ते सांगत नाहीत.

म्हणून पहिली परीक्षा घरीच द्यावी. तिला एक पैसा लागत नाही. यूट्यूबवर अमेरिकन डॉक्टरांची व्याख्याने आहेत. एखाद्या व्याख्यानाची दोन मिनिटे सबटायटल बंद करून ऐका आणि जसेच्या तसे लिहून काढा. हवे तितक्या वेळा मागे जा. मग सबटायटल लावून ताडून पाहा. आजाराची, औषधांची नावे चुकली तर हरकत नाही, ती शिकता येतात. ‘हॅज’ की ‘हॅड’, ‘इन’ की ‘ऑन’, ‘कॅन’ की ‘कॅन्ट’ इथे वारंवार अडत असेल, तर मात्र कोणत्याही क्लासला जाण्याआधी काही महिने रोज तासभर कान घडवावा लागेल. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हे जमत नाही असे मुळीच नाही, फक्त वेळ जास्त लागतो आणि तो धरून चालावे.

ऐकण्यात नेमके कुठे फसायला होते ते सांगतो. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ गिळला जातो, त्यामुळे तो ‘कॅन’च वाटतो. ओळखायची खूण स्वरात असते: होकार असला की ‘कन्’ असा पुसट येतो, नकार असला की ‘कॅन’ ठासून येतो. ‘एफेब्राइल’ म्हणजे ताप नसलेला, ‘फेब्राइल’ म्हणजे ताप असलेला. डॉक्टर घाईत असला की पुढचा ‘ए’ आधीच्या शब्दात विरून जातो आणि रिपोर्टाचा अर्थ उलटा होतो. अशा वेळी त्याच डिक्टेशनमध्ये तापमान किती सांगितले आहे ते पाहायचे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हा कायमचा घोळ, म्हणून काळजी घेणारे डॉक्टर पुढे ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ असेही म्हणतात. सेंटीमीटरला तिकडे कित्येक डॉक्टर ‘सॉन्टिमीटर’ म्हणतात, ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. आपल्या पुस्तकांतले ब्रिटिश स्पेलिंगही सोडावे लागते. ॲनिमिया, हेमरेज, एडिमा या शब्दांतली जोडस्वरांची अक्षरे अमेरिकन लिहिण्यात जाऊन एकटा ‘ई’ राहतो.

वैद्यकाची समज म्हणजे शब्दांची घोकंपट्टी नव्हे. शब्दांच्या शेपट्या आधी शिकाव्यात. ‘टमी’ म्हणजे कापून उघडणे, ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर येणारी नवी वाट करून देणे, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणे. गॅस्ट्रोटमी, गॅस्ट्रॉस्टमी, गॅस्ट्रेक्टमी हे तिन्ही शब्द जठराचेच, पण पहिल्यात जठर फक्त उघडले, दुसऱ्यात पोटावाटे अन्न देण्यासाठी नळीची वाट केली, तिसऱ्यात जठर पूर्ण किंवा काही भाग काढला. ‘आयलियम’ हा उच्चार दोन शब्दांचा आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या स्पेलिंगमध्ये तिसरे अक्षर ‘ई’, कमरेच्या हाडाच्या स्पेलिंगमध्ये ‘आय’. कानाला फरक कळणारच नाही. डॉक्टर कोलोनोस्कोपी म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगतो आहे की हाड मोडल्याचे, यावरूनच ठरवायचे.

औषधांत धोका सर्वांत मोठा. हायड्रॅलझीन रक्तदाबाचे, हायड्रॉक्सिझीन खाज आणि घबराटीचे. सेलेब्रेक्स सांधेदुखीला, सेलेक्सा नैराश्याला, सेरेबिक्स झटक्यांना. घाईच्या बोलण्यात ही सगळी एकसारखीच ऐकू येतात. नियम एकच: नाव ऐकले की आजाराशी आणि मात्रेशी जुळवून पाहायचे. औषधे पडताळायला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या डेलीमेड आणि मेडलाइनप्लस या साइट्स मोफत आहेत. गुगलवर पहिले दिसेल ते उचलू नये. डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेल्या, नर्सिंग किंवा डीएमएलटी केलेल्या मुलींचा निम्मा रस्ता इथेच कापला जातो. खानदेशात फार्मसी कॉलेजे भरपूर आहेत आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुली मेडिकल दुकानाच्या काउंटरवर तुटपुंज्या पगारात राबताना दिसतात. त्यांनी या कामाचा विचार जरूर करावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता एक वाक्य जवळून पाहू. शस्त्रक्रियेच्या रिपोर्टात डॉक्टर म्हणतो: ‘फॅशिया वॉज क्लोज्ड विथ झीरो व्हिक्रिल, स्किन विथ फोर-ओ मोनोक्रिल.’ फॅशिया म्हणजे कातडीखालचा जाड पडदा, व्हिक्रिल आणि मोनोक्रिल ही टाक्यांच्या धाग्यांची नावे. यंत्र पुष्कळदा या ‘फोर-ओ’चे सरळ ४० करून टाकते. खरे लिखाण ४-० असे आहे. हा टाक्याच्या धाग्याचा आकार. ४-० म्हणजे चार शून्ये. जितकी शून्ये अधिक तितका धागा बारीक, म्हणजे ४-० हा ० पेक्षा पुष्कळ बारीक. आतल्या जाड पडद्याला ताण सोसायचा असतो म्हणून तिथे जाड धागा, कातडीवर व्रण राहू नये म्हणून बारीक. एवढे ठाऊक असलेल्या माणसाला ४० हा आकडा डोळ्यांना टोचतो, आणि दोन धाग्यांची अदलाबदल झाली असेल तर तीही. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या नजरेखालून दोन्ही चुका निघून जातात. एडिटिंगचे सारे काम अशा टोचण्यावर चालते.

यंत्राच्या चुका माणसासारख्या नसतात, म्हणून त्या सापडायला कठीण. टाइप करणाऱ्याची चूक स्पेलिंगमध्ये दिसते. यंत्राचे स्पेलिंग अचूक असते, वाक्य सफाईदार असते, फक्त त्यातला ‘नो’ गेलेला असतो, डाव्याचा उजवा झालेला असतो, बाईचा ‘ही’ झालेला असतो. शिवाय डॉक्टर थांबला, कागद चाळू लागला, तर त्या शांततेत काही यंत्रे स्वतःच्या मनाचे वाक्य घालतात. ओपनएआयच्या व्हिस्पर या प्रणालीबद्दल २०२४ मध्ये संशोधकांनी हेच दाखवून दिले. म्हणून मजकूर आधी वाचून मग ऐकायचा नाही. आधी वाचले की डोळा जे वाचले तेच कानाला ऐकवतो. कर्सर आवाजाबरोबर चालवायचा, एक शब्द पुढे नाही. मग आवाज बंद करून फक्त अर्थासाठी एकदा वाचायचे: वर डावा गुडघा म्हटले आणि खाली उजव्याला पट्टी बांधली, असे तर नाही ना?

ऐकू आले नाही तर जागा रिकामी सोडून तिथे मिनिट-सेकंद लिहायचे. नवीन मुलींना ब्लँक सोडायची लाज वाटते आणि त्या अंदाजाने शब्द भरतात. या धंद्यात याहून मोठी चूक नाही. ब्लँक वरचा क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स, म्हणजे कामाचा दर्जा तपासणारा) भरून देतो, अंदाजाचा शब्द मात्र कुणाला संशय न येता रुग्णाच्या फाइलीत जातो आणि पुढचा डॉक्टर त्यावर विसंबतो. आकड्यांचेही तसेच. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये धोकादायक संक्षेपांची यादी काढली. तिच्यानुसार औषधाची मात्रा १.० अशी लिहायची नाही, फक्त १, कारण टिंब दिसले नाही तर दहापट होते. आणि .५ न लिहिता ०.५ लिहायचे. इन्सुलिनच्या ‘युनिट्स’साठी नुसते ‘यू’ अक्षर टाकायचे नाही, ते शून्यासारखे दिसते.

टायपिंग अगदीच लागत नाही असे नाही. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची इंग्रजी ४० ची परीक्षा उत्तीर्ण असेल तर पाया आहे, पुढे ५५-६० पर्यंत न्यावे. वेग खरा वाढतो तो शॉर्टकटने. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये चार अक्षरांना पूर्ण वाक्य जोडून ठेवता येते. ‘पेशंट वॉज प्रेप्ड अँड ड्रेप्ड इन द युज्वल स्टराइल फॅशन’ हे जवळपास प्रत्येक शस्त्रक्रियेत येते, ते रोज का टाइप करावे? मात्र ‘पीटी’ला ‘पेशंट’ जोडू नका. पीटी म्हणजे फिजिकल थेरपीही असते आणि रक्त गोठण्याची तपासणी असलेली प्रोथ्रॉम्बिन टाइमही.

सामानावर सुरुवातीला फार खर्च करू नये. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप, वेगळा पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि कान झाकणारा वायरचा हेडफोन पुरतो. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि चार्जिंग ऐन वेळी संपते. पायाने चालवायच्या पेडलला साधारण तीन भाग असतात: मधला दाबला की आवाज चालू, एका बाजूचा मागे नेतो, दुसऱ्या बाजूचा पुढे. पाय उचलला की आवाज थांबतो आणि एक-दोन सेकंद आपोआप मागे जातो, हे अंतर सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. पण पेडल काम मिळाल्यावर घ्यावे, कारण कंपनीच्या प्रणालीला कोणते चालते ते आधी विचारावे लागते. तोवर एक्स्प्रेस स्क्राइबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फंक्शन कीज वापरून सराव होतो.

नेटच्या वेगाची भीती घालतात ती व्यर्थ आहे. डिक्टेशनची फाइल मिनिटाला एखाद-दुसऱ्या एमबीची असते. वेगापेक्षा नेट सलग राहणे महत्त्वाचे, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच अडचण आहे. लाइट गेली की इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असते, ते ‘यूपीएस’कडे करून ठेवावे, मग बदल बराच लवकर होतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस स्वतंत्र लावावा. गावातली डीपी जळाली तर नेटवाल्याचा बॉक्सही बंद पडतो, तेव्हा दुसऱ्या कंपनीचे सिम हॉटस्पॉटसाठी जवळ असलेले बरे. आणि उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापून मंदावतो, आणि कुलर लावला तर त्याच्या घरघरीत डॉक्टरचा ‘नो’ बुडतो. आवाज वाढवून काम करणाऱ्यांचे कान पुढे गुणगुणू लागतात. तेव्हा कुलर शेजारच्या खोलीत लावून वारा दारातून घ्यावा, आणि त्या महिन्यांत काम पहाटे चारपासून दहापर्यंत उरकावे. वेळेचे गणितही त्याला जुळते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या दिवसाच्या फाइली आपल्याकडे रात्री येतात आणि २४ तासांच्या मुदतीच्या फाइली पहाटे करता येतात. तातडीच्या म्हणजे ‘स्टॅट’ फाइली मात्र काही तासांतच द्याव्या लागतात. लहान मूल असलेल्या बाईने त्या सुरुवातीला घेऊ नयेत.

पैशाचा हिशोब जाहिरातीत कधीच नसतो, तो इथे मांडतो. मोबदला ओळीवर असतो आणि ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरे. एक मिनिट बोलण्यातून साधारण १० ते १४ ओळी होतात. नवखीला एका मिनिटाच्या डिक्टेशनला आठ-दहा मिनिटे लागतात, सरावलेलीला तीन-चार. म्हणजे नवखी तासाला ७०-८० ओळी, सरावलेली २०० च्या आसपास. समजा, ओळीला १ रुपया धरला, तर नवखीच्या हाती तासाला ७०-८० रुपये येतील, आणि त्यातूनही क्यूएची कपात होईल. यंत्राचा मजकूर दुरुस्त करण्याचा दर सहसा टायपिंगच्या निम्म्याच्या आसपास असतो. बहुतेक ठिकाणी ९८ टक्क्यांच्या वर अचूकता मागतात आणि चुकीचे औषध किंवा डावे-उजवे ही एकच चूक पूर्ण फाइल नापास करते. पहिले सहा महिने घर या पैशावर चालणार नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याचा अंदाजही या कामाच्या जागा घटण्याचाच आहे. तेव्हा केवळ टायपिंगच्या भरवशावर कुणी उतरू नये. एडिटिंग, क्यूए आणि डॉक्टर तपासत असताना दुरून नोंदी घेणारे स्क्राइब, या दिशेने शिकावे.

रुग्णाची गुप्तता हा विषय क्लासमध्ये पाच मिनिटांत उरकतात. अमेरिकेत त्यासाठी १९९६ चा हिपा कायदा आहे आणि कंपनी त्याच्या अटी करारातून आपल्यावर बांधते. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. घरात याचा अर्थ असा: कामासाठी संगणकावर वेगळे खाते आणि पासवर्ड, भावाला गेम खेळायला तो लॅपटॉप नाही, अडलेल्या शब्दाचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, मजकूर चॅटबॉटमध्ये टाकून सुधारणे नाही. आपल्याकडे एक पद्धत बोकाळली आहे. एकीने आयडी घ्यायचा आणि गल्लीतल्या तिघी-चौघींना फाइली वाटायच्या. हे करारभंग आहे. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाचे काम असेच हातोहात फिरत कराचीपर्यंत पोचले आणि पैसे थकल्यावर तिथल्या बाईने रुग्णांची कागदपत्रे इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली. त्या रुग्णालयाला आपले काम कुणाकडे आहे, हेच ठाऊक नव्हते.

फसवणुकीचे दोन प्रकार इथे चालतात. पहिल्यात कामासाठी ‘डिपॉझिट’ किंवा ‘सॉफ्टवेअरचे पैसे’ मागतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, तेव्हा तिथूनच परत फिरावे. दुसरा जास्त वाईट. ऑनलाइन करारावर सही घेतात, वाचता न येणारी पाने टाइप करायला देतात, मग अचूकता कमी आली म्हणून करारभंगाचा दंड मागतात आणि व्हॉट्सॲपवर ‘वकिलाची नोटीस’ पाठवतात. घाबरून मुली दागिने मोडून पैसे भरतात. व्हॉट्सॲपवरचा असा कागद म्हणजे कोर्टाचे समन्स नव्हे. पैसे भरू नका, संदेश पुसू नका, १९३० या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करा आणि घरच्यांना सांगा. लपवल्यामुळेच या लोकांचे फावते.

क्लास लावायचाच असेल तर तिथे विचारा: सरावाचे डिक्टेशन खऱ्या डॉक्टरांच्या बोलीतले आहे की शिक्षकाने वाचून दाखवलेले? प्रत्येक फाइल चुका दाखवून परत मिळते का? यंत्राचा मजकूर दुरुस्त करायला शिकवता का? शिकवणाऱ्याने स्वतः क्यूए म्हणून काम केले आहे का? मागच्या तुकडीतल्या दोघींशी बोलू द्याल का? टाळाटाळ झाली की उठून यावे.

आणि अमेरिकेकडेच डोळे लावून बसायचे कारण नाही. जळगाव, धुळ्याच्या सोनोग्राफी आणि एमआरआय सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करणारी माणसे लागतात. विम्याच्या दाव्यासाठी रुग्णालयांना स्वच्छ डिस्चार्ज समरी लागते. पैसे बेताचे, पण डॉक्टर समोर असतो, शब्द अडला तर विचारता येतो आणि सहा महिन्यांत एका शाखेची भाषा अंगवळणी पडते. रेडिओलॉजीपासून सुरुवात करावी. वाक्यरचना ठरलेली, शब्दसंग्रह आटोपशीर, आणि डावे-उजवे तपासण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

आपल्याला एक विनंती आहे. अशा जाहिराती घेताना संस्थेचा पूर्ण पत्ता आणि फीची रक्कम छापण्याची अट आपण घालावी.

आपले,
मेडिकल ट्रान्सक्रिप्शन व क्यूएचे काम करणारे काही वाचक
जळगाव, धुळे